न्यूयॉर्कच्या इंटरपोल या रॉक बँडचा 'टर्न ऑन द ब्राइट लाइट्स' हा अल्बम खरंच एवढा भारी आहे का, की नुसती मँचेस्टरच्या जॉय डिव्हिजन या जुन्या बँडची नक्कल? आणि नवीन माणसाने कुठल्या गाण्यापासून सुरुवात करावी?

हा प्रश्न बघून राहवलं नाही. कारण या अल्बमबद्दल 'नक्कल' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो माझ्या चुलतभावाच्या तोंडून, 2003 साली, आणि आमचा तो वाद अजून मिटलेला नाही.

तेव्हा मी शिकायला अमेरिकेत होतो आणि न्यूयॉर्कच्या नदीपलीकडे जर्सी सिटीत याच चुलतभावाच्या, म्हणजे दादाच्या फ्लॅटवर राहायचो. रॉकमधलं मला जे काही कळतं ते दादामुळेच, शाळेत असताना पुण्यात त्यानेच मला जॉय डिव्हिजनची कॅसेट ऐकवली होती. म्हणून ही सीडी घेतली तेव्हा मोठ्या उत्साहाने त्याला लावून दिली. दुसरं गाणं संपायच्या आत म्हणाला, "अरे हा तर इयन कर्टिस, फक्त महागड्या सुटातला," आणि बंद केली. (इयन कर्टिस म्हणजे जॉय डिव्हिजनचा गायक.) मला तेव्हा काही उत्तर सुचलं नाही.

मग 14 ऑगस्टचा तो गुरुवार आला. मी मॅनहॅटनमध्ये होतो, दुपारी चार वाजून गेले आणि लाइट गेली, आधी वाटलं आमच्याच बिल्डिंगची, खाली उतरल्यावर कळलं अख्ख्या न्यूयॉर्कची. जर्सीला जाणारी पाथ ट्रेन बंद, मोबाइल लागेना, सिग्नल मेलेले, चौकाचौकात साधी माणसं उभी राहून ट्रॅफिक सोडत होती. जर्सीला जायचा एकच मार्ग उरलेला, फेरी, आणि तिच्या रांगेत मी कित्येक तास उभा. बॅगेत डिस्कमन आणि त्यात हीच सीडी. तिसरं गाणं 'एनवायसी', अल्बमचं नाव त्याच गाण्यातलं, म्हणजे दिवे लावा म्हणणारं गाणं कानात आणि समोर शहरात एक दिवा नाही. बोटीत बसेपर्यंत अंधार पडला होता. मागे वळून बघितलं तर मॅनहॅटन काळं ठिक्कर, रस्त्यांवर फक्त गाड्यांचे हेडलाइट. गायक पॉल बँक्सचा तो आवाज, खर्जातला, सपाट, रडत नाही की ओरडत नाही, त्या रात्री मला पूर्ण कळला. हे गाणं मँचेस्टरचं असूच शकत नाही, ते त्या शहरात एकट्या राहणाऱ्या माणसाचंच आहे.

घरी येऊन दादाला हे सगळं सांगितलं तर म्हणाला, "तू प्रसंगाने भारावलायस, गाणी तीच उसनी आहेत." ते मला फार लागलं.

तेव्हा द्यायचं राहिलेलं उत्तर आता देतो. जॉय डिव्हिजनमध्ये मुळात एकच गिटारवाला, आणि सूर बरेचदा पीटर हुकचा बेस (खालच्या सुरांची गिटार) वरच्या सप्तकात वाजवतो. इंटरपोलच्या या अल्बमवर डॅनियल केसलर आणि पॉल बँक्स अशा दोन गिटार एकमेकींत गुंफलेल्या असतात, त्यांच्याखाली कार्लोस डेंगलरचा बेस स्वतःची वेगळीच चाल धरतो आणि सॅम फोगारिनोचे ड्रम ते सगळं पुढे ढकलत नेतात. बांधणीच वेगळी आहे. आवाज मिळता आहे म्हणून नक्कल म्हणायचं असेल तर भीमसेनांच्या गाण्यात सवाई गंधर्व दिसतात, अब्दुल करीम खाँ दिसतात, त्याला काय म्हणणार? तिथे आपण कौतुकाने घराणं म्हणतो. आणि दादा तर पुण्यात असताना दर डिसेंबरला सवाईला रात्र रात्र बसणारा माणूस!

अजून एक, हा 9/11 चा शोक आहे वगैरे लिहिलेलं दिसेल, ते मला पटत नाही. रेकॉर्डिंग नोव्हेंबर 2001 मध्ये कनेटिकटला झालं हे खरं, अल्बम ऑगस्ट 2002 मध्ये आला, पण बँड 1997 पासूनचा आणि 'पीडीए' तर 2000 सालीच एका ईपीवर, म्हणजे मोजक्या गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डवर, येऊन गेलं होतं. ती उदासी आधीपासूनच त्यांच्यात होती.

सुरुवात 'पीडीए'पासून करा, मग 'ऑब्स्टॅकल 1', आणि ती आवडली तर अख्खा अल्बम क्रमाने, रात्री, हेडफोनवर. फोनच्या स्पीकरवर नको, बेस ऐकूच येत नाही आणि मग लोक म्हणतात सगळी गाणी सारखीच.

हो, शब्द काही ठिकाणी खरंच कच्चे आहेत, दोनतीन ओळींचा अर्थ मला वीस वर्षांत लागलेला नाही. आणि जॉय डिव्हिजन ऐकलं नसेल तर तेही जरूर ऐका, दोनच अल्बम आहेत, 1979 आणि 1980 चे. माझं भांडण त्यांच्याशी अजिबात नाही.

दादा, तू हे वाचत असशील तर 'पीडीए'चा शेवट ऐक, गाणं थांबून नुसती गिटार उरते आणि मग ड्रम परत येतात तो भाग. तू तेव्हा तिथपर्यंत पोचलाच नव्हतास.