पहिल्या टेस्टसाठी डेटा आणि असर्शन

प्लेराइट या ब्राउझर आपोआप चालवणाऱ्या साधनात टेस्ट लिहायला तुम्ही सांगलीतल्या हळद सौद्याच्या ॲपनं सुरुवात करताय, चांगलं आहे. नव्यांच्या बऱ्याच टेस्ट डेटापायीच पडतात, म्हणून आधी तो नीट लावा. प्रत्येक टेस्टनं आपला व्यापारी आणि लॉट (विक्रीला आलेला माल) स्वतः तयार करावा, तोही फॉर्म भरून नाही, थेट एपीआयनं, म्हणजे कोडमधून सर्व्हरला विनंती पाठवून. ‘व्यापारी१’ हे एकच खातं सगळ्यांत वाटलंत, की टेस्ट एकटी पास आणि एकत्र चालवल्यावर नापास. नावापुढं रँडम आकडा जोडा.

असर्शनमधलं, म्हणजे ‘पानावर हेच दिसायला हवं’ या तपासणीतलं, उत्तर हातानं काढा. १२.५ क्विंटल, दर १४,००० रुपये, तर ‘₹१,७५,०००’ असंच लिहा. गुणाकार टेस्टमध्ये पुन्हा केलात तर ॲपमधली चूक तिथंही उतरते.

हे टाळा:
- फक्त ‘जतन झाले’ एवढंच तपासणं. पान रिफ्रेश करून लॉट यादीत दिसतो का ते बघा.
- तीन सेकंदांचा स्लीप, म्हणजे नुसतं थांबणं. प्लेराइटचं टू-हॅव-टेक्स्ट (अपेक्षित मजकूर दिसतो का हे बघणारं असर्शन) स्वतःच ५ सेकंदांपर्यंत पुन्हा पुन्हा तपासतं. त्याच्या आधी अवेट (‘हे पुरं होईपर्यंत थांब’ सांगणारा शब्द) मात्र हवाच, नाहीतर तपासणी पुरी होण्याआधीच टेस्ट संपते आणि हिरवी, म्हणजे पास, दिसते!

पेज ऑब्जेक्ट (पानाचा कोड एका जागी ठेवणं), मॉकिंग (खऱ्या सर्व्हरऐवजी नकली उत्तर देणं) वगैरे दहा टेस्ट झाल्यावर.