सगळी कार्डे हिरवी, तरी तक्रारी तशाच: प्रक्रिया ऑडिटच्या फलकाविषयी

आपल्या जुळणी विभागात कामिशिबाई फलक (प्रक्रिया तपासण्याची हिरव्या-लाल बाजूंची कार्डे लावायचा फलक) लावून काही महिने झाले, रोज ठरलेली कार्डे काढली जातात, तपासणी होऊन जवळजवळ सगळी हिरव्या बाजूने परत लागतात आणि तरीही ग्राहकाच्या तक्रारी पूर्वीइतक्याच येत आहेत, असे आपण लिहिले आहे. हा फलक चालू ठेवावा की बंद करून पुन्हा जुन्या तपासणी याद्यांकडे वळावे, हा आपला प्रश्न आहे. माझे मत असे की फलक ठेवावा. मात्र कार्डांवरचे बहुतेक प्रश्न बदलावे लागतील, आणि त्याआधी लाल कार्ड, म्हणजे त्रुटी सापडल्याची खूण, लागल्यावर कोणी काय करायचे हे वरिष्ठांना बसवून ठरवून घ्यावे लागेल. ही दुसरी गोष्ट झाली नाही, तर प्रश्न कितीही चांगले लिहिले तरी फलक हिरवाच राहील.

प्रथम या फलकाकडून नेमकी अपेक्षा काय करायची, ते स्पष्ट करतो. जपानमध्ये १९३० च्या दशकात रस्त्यारस्त्यांवर चित्रकथेचे खेळ होत. लाकडी चौकटीत एकामागून एक चित्र सरकवत कथेकरी गोष्ट सांगत असे. त्या खेळाचे नाव आणि एका वेळी एकच पान समोर ठेवण्याची रीत टोयोटाच्या कारखान्यांतून लीन, म्हणजे कामातला अपव्यय कमी करण्याच्या, पद्धतीत आली. आपल्या फलकावरही एका वेळी एकच कार्ड हातात घेतले जाते, त्यावरचे मोजके प्रश्न घेऊन माणूस प्रत्यक्ष कामाच्या जागी जातो, पाहतो, काम करणाऱ्याशी बोलतो आणि निकाल सर्वांना दिसेल असा लावतो. येथे तपासायचा असतो तो माल ज्या परिस्थितीत तयार होतो ती परिस्थिती, तयार माल नव्हे. ठरलेली पद्धत, ठरलेले सेटिंग, ठरलेले साधन आणि प्रशिक्षित माणूस या चारही गोष्टी या क्षणी जागेवर आहेत का, एवढेच कार्ड विचारते. म्हणून ग्राहकाची तक्रार ज्या कारणातून निर्माण होते त्या कारणाबद्दल एकही कार्ड काही विचारत नसेल, तर फलकावर हिरव्या रांगा आणि बाहेर तक्रारी हे चित्र एकाच वेळी दिसणे अगदी स्वाभाविक आहे.

सगळे हिरवे दिसण्याची माझ्या अनुभवात तीन कारणे असतात. प्रक्रिया खरोखरच स्थिर असते, किंवा प्रश्न असे असतात की त्यांचे उत्तर ‘नाही’ येऊच शकत नाही, किंवा तपासणारा जागेवर न जाताच कार्ड उलटवतो. आपल्याकडे तक्रारी चालू असल्याने पहिले कारण बाजूला ठेवता येईल. उरलेल्या दोहोंतले कोणते लागू आहे हे ओळखणे अवघड नाही: आपण स्वतः तपासणाऱ्याबरोबर जागेवर जा, तेच कार्ड त्याच्यासोबत वाचा आणि प्रत्येक प्रश्नाला ‘हे तुम्ही कशावरून ठरवले’ असे शांतपणे विचारा. उत्तर एखाद्या मोजमापाकडे, खुणेकडे किंवा कृतीकडे बोट दाखवत असेल तर प्रश्न जिवंत आहे. ‘नेहमी ठीकच असते’ असे उत्तर आले तर तपासणाऱ्यावर रागावू नका, कारण बहुधा प्रश्नानेच त्याला तसे उत्तर द्यायला शिकवलेले असते.

आता प्रश्नांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण सारे बळ तेथेच आहे. ‘मशीन सुस्थितीत आहे का’, ‘कामगार सूचनांचे पालन करतो का’, ‘जागा स्वच्छ आहे का’ हे प्रश्न मी पाहिलेल्या जवळजवळ प्रत्येक नव्या फलकावर असतात आणि त्यांचा उपयोग फार थोडा होतो. चांगला प्रश्न काय पाहायचे, कोठे पाहायचे, कशाशी ताडायचे आणि किती फरक चालेल हे सर्व सांगतो, त्यामुळे दोन वेगळ्या माणसांनी एकाच वेळी तपासले तर दोघांचे उत्तर सारखेच येते. बोल्ट घट्ट करण्याच्या जागेसाठी ‘टॉर्क बरोबर आहे का’ याऐवजी ‘टॉर्क रेंचवरचे सेटिंग जागेवर लावलेल्या कार्यसूचनेतील मूल्याशी जुळते का, रेंचवरच्या कॅलिब्रेशन चिठ्ठीची मुदत शिल्लक आहे का, आणि एक पूर्ण आवर्तन पाहताना बोल्ट कार्यसूचनेत दिलेल्या क्रमानेच घट्ट केले गेले का’ असे विचारावे. यातला शेवटचा भाग महत्त्वाचा आहे. एक पूर्ण आवर्तन न बोलता पाहिल्याशिवाय पद्धतीबद्दलचे कोणतेही उत्तर लिहू नये, अशी अट कार्डावरच छापून घ्या.

चूकरोधक व्यवस्थेसाठी, म्हणजे ज्याला आपण पोकायोके म्हणतो त्यासाठी, ‘पोकायोके चालू आहे का’ असे विचारून भागत नाही. सेन्सरचा दिवा पेटलेला असतो आणि सेन्सर बायपास केलेला, म्हणजे टाळून काम चालवलेले, असते, हे ज्यांनी शॉपफ्लोअरवर काम केले आहे त्यांना सांगायला नको. येथे कार्डाने कृती मागावी: मुद्दाम राखून ठेवलेला सदोष नमुना फिक्स्चरमध्ये (भाग पकडून ठेवणाऱ्या चौकटीत) बसवा आणि मशीन तो नाकारते का ते पाहा. अनेक कारखान्यांत या नमुन्याला रेड रॅबिट म्हणतात. त्याच्यावर ठळक रंग आणि क्रमांक असावा, त्याची ठेवण्याची जागा ठरलेली असावी आणि चाचणीनंतर तो परत जागेवर आला याचीही नोंद कार्डावर व्हावी, कारण तपासणीसाठी आणलेला सदोष भाग चांगल्या मालात मिसळला तर आपणच तक्रार निर्माण केली असे होईल.

आणखी एक प्रकारचा प्रश्न बहुतेक फलकांवर नसतोच, आणि तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. काम करणाऱ्याला विचारायचे: ‘हे माप मर्यादेबाहेर आले तर तुम्ही काय करता?’ कंट्रोल प्लॅनमध्ये, म्हणजे कोणती तपासणी कशी करायची याच्या लेखी आराखड्यात, प्रत्येक तपासणीपुढे प्रतिक्रिया योजना लिहिलेली असते. काम थांबवायचे का, शेवटच्या चांगल्या तपासणीनंतरचा माल कोठे वेगळा ठेवायचा, कोणाला कळवायचे हे त्यात असते. काम करणाऱ्याला ते ठाऊक नसेल तर तपासणी होत असूनही सदोष माल पुढे जातो. हा प्रश्न परीक्षा घेतल्यासारखा विचारू नये. उत्तर चुकले तर कमतरता त्या माणसाची नसून प्रशिक्षणाची आहे, असे धरून कार्ड लाल करावे आणि तसे त्याला सांगावे.

प्रश्न आणायचे कोठून, याबद्दल माझा क्रम ठरलेला आहे. सर्वांत आधी ग्राहकाच्या तक्रारी आणि अंतर्गत रिजेक्शन, नंतर पीएफएमईएमध्ये (प्रक्रियेतील संभाव्य दोष व त्यांचे परिणाम यांच्या विश्लेषणात) ज्यांची तीव्रता जास्त मांडली आहे ते दोष, मग पूर्वी केलेल्या सुधारणा अजून टिकून आहेत का हे विचारणारे प्रश्न, आणि शेवटी अलीकडचे बदल, म्हणजे नवा माणूस, नवे साधन, नवा पुरवठादार, बदललेली पद्धत. जुन्या सुधारणांचे प्रश्न वगळू नका. तक्रार मिटल्यावर चार-सहा महिन्यांनी सुधारणा हळूहळू विसरली जाते आणि तीच तक्रार नव्या तारखेने परत येते, हे या क्षेत्रात नेहमी घडते. एखादा प्रश्न दीर्घकाळ हिरवा राहिला आणि त्याच्याशी संबंधित दोषही खरोखर थांबले असतील, तर त्याची वारंवारिता कमी करून त्या जागी नवा प्रश्न आणावा.

रंगांच्या बाबतीत एक घोळ मी अनेक ठिकाणी पाहिला आहे. काही फलकांवर लाल बाजूचा अर्थ ‘तपासणी अजून बाकी आहे’ असा घेतात आणि काहींवर ‘त्रुटी सापडली’ असा, तर काही ठिकाणी एकाच फलकावर दोन्ही अर्थ चालतात. येथे अवस्था तीन आहेत, म्हणून तपासणी बाकी आहे की झाली हे कार्डाच्या जागेवरून कळावे आणि निकाल रंगावरून. बाकी कार्डे एका रांगेत, झालेली दुसऱ्या रांगेत, आणि त्या दुसऱ्या रांगेतच हिरवा किंवा लाल, एवढी साधी व्यवस्था पुरते.

तपासणीचे थर हा या पद्धतीचा कणा आहे. लाइन लीडर प्रत्येक पाळीत, पर्यवेक्षक दररोज किंवा दिवसाआड, विभागप्रमुख आठवड्याला आणि कारखान्याचे प्रमुख महिन्याला, अशी काहीशी रचना असते. वारंवारिता आपल्या जोखमीनुसार ठरवावी, पण वरच्या थराने वेगळी, सोपी किंवा केवळ स्वच्छतेची कार्डे घेऊ नयेत. त्याने खालच्या थराचेच कार्ड घेऊन पुन्हा पाहावे. सकाळी हिरवे झालेले कार्ड दुपारी विभागप्रमुखाच्या हाती लाल झाले, तर दोघांनी मिळून जागेवर जाऊन पाहावे: दरम्यान परिस्थिती बदलली, की दोघांनी प्रश्न वेगवेगळा समजून घेतला? दुसरे असेल तर प्रश्नाची भाषा सुधारावी. कोणते कार्ड निघेल हे आधी कळू नये म्हणून ते न पाहता काढावे, आणि रात्रपाळी व पाळीबदलाची वेळ यांना फलकातून सूट देऊ नये, कारण गडबड तेथेच अधिक होते.

आता लाल कार्ड. टोयोटात कोणताही कामगार अँडनची (अडचणीचा इशारा देणाऱ्या व्यवस्थेची) दोरी ओढून मदत मागू शकतो आणि ठरल्या वेळेत अडचण सुटली नाही तर लाइन थांबते, हे आपण सर्वांनी वाचले आहे. त्या व्यवस्थेत थांबवणाऱ्याकडे लगेच मदतीला माणूस येतो, म्हणून ती चालते. लाल कार्डाचेही तसेच आहे. लाल लागताच तिथल्या तिथे करायची पहिली गोष्ट म्हणजे संशयित माल अडवून वेगळा ठेवणे; त्रुटीचे मूळ कारण शोधायला बसून राहिल्यास तोवर माल पुढे जातो. त्यानंतर जे लगेच दुरुस्त होते ते दुरुस्त करावे, तरीही कार्ड त्या दिवशी लालच राहू द्यावे. दुरुस्त झाले म्हणून हिरवे केले तर त्रुटीची नोंदच पुसली जाते. जे लगेच होत नाही त्याची चिठ्ठी फलकाच्या बाजूला लावावी: काय सापडले, जबाबदारी कोणाची, कोणत्या तारखेपर्यंत. चिठ्ठी काढायची ती उपाय झाल्याचे ऐकून नव्हे, तर जागेवर जाऊन पाहिल्यानंतरच, आणि शक्य असेल तर ज्याने उपाय केला त्याच्याखेरीज दुसऱ्याने पाहिल्यानंतर. तेच कार्ड पुन्हा पुन्हा लाल होत असेल तर दरवेळी दुरुस्ती करत राहण्यात अर्थ नाही, तेथे पाच वेळा ‘का’ विचारत मूळ कारणाकडे जावे लागते.

पहिले लाल कार्ड लागल्यावर वरिष्ठ काय बोलतात, यावर पुढची बरीच वाटचाल ठरते. ‘हे कसे झाले’ असा आवाज चढला, तर त्या पाळीत सगळ्यांनाच समजते की कार्ड हिरवे ठेवणे सुरक्षित आहे. म्हणूनच हिरव्या कार्डांची टक्केवारी हे उद्दिष्ट कधीही ठेवू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ते उद्दिष्ट ठेवले की आकडा वाढतो आणि माहिती आटते. मोजायचेच असेल तर ठरलेल्यांपैकी किती ऑडिट प्रत्यक्ष झाली हे थरानुसार मोजा, आणि लाल चिठ्ठ्या किती दिवसांत बंद झाल्या ते मोजा. पहिल्या आकड्यात वरच्या थराची ऑडिट बुडालेली दिसली, तर आपल्या फलकाच्या अडचणीचे बरेचसे उत्तर तेथेच मिळेल.

हेच तत्त्व कारखान्याबाहेरही वापरात आहे. अमेरिकेतील काही बालरुग्णालयांत मध्यवर्ती शिरेत बसवलेल्या नळीमुळे होणारा संसर्ग टाळण्यासाठी अशाच कार्डांचा वापर होतो. तपासणारी व्यक्ती रुग्णाच्या खाटेजवळ जाऊन परिचारिकेसोबत ड्रेसिंग कोरडे व अखंड आहे का, यांसारखे मोजके मुद्दे पाहते आणि अडचण असेल तर तेथेच बोलते. त्या संभाषणात परिचारिकेची अडचण, उदाहरणार्थ लागणारे साहित्य हाताशी नसणे, कळते. कागदावरच्या टिकमार्कने ती कळली नसती. आपल्या शॉपफ्लोअरवरही लाल कार्डामागे बऱ्याचदा अशीच अडचण असते: गेज (मोजण्याचे साधन) दुसऱ्या लाइनवर नेलेला असतो, कार्यसूचना जुन्या आवृत्तीची असते, किंवा आवर्तनाचा वेळ असा ठरवलेला असतो की सांगितलेली तपासणी त्यात बसतच नाही.

टॅबलेटवर फलक नेण्याबद्दलही आपण विचारले होते. नोंदी, छायाचित्रे आणि कल पाहण्यासाठी ते उपयोगी आहे, परंतु प्रश्न स्थिरावेपर्यंत कार्डे भिंतीवरच ठेवा, कारण भिंतीवरचे लाल कार्ड सर्वांना दिसते आणि टॅबलेटमधले फक्त उघडणाऱ्याला. मात्र कार्ड उलटवले की कालचा निकाल नाहीसा होतो, म्हणून मागे एक नोंदवही पहिल्या दिवसापासून हवी. वाहन उद्योगाला माल देत असाल तर हे आणखी महत्त्वाचे: आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या २०१६ च्या गुणवत्ता मानकानुसार प्रत्येक उत्पादन प्रक्रियेचे ऑडिट तीन वर्षांच्या कालावधीत, सर्व पाळ्यांत आणि पाळीबदलाच्या नमुन्यासह व्हावे लागते. काही वाहन उत्पादक याखेरीज सीक्यूआय-८ या मार्गदर्शिकेप्रमाणे थरवार ऑडिटही मागतात. फलक या दुसऱ्या मागणीला थेट उपयोगी पडतो, पहिलीची जागा तो आपोआप घेत नाही.

सुरुवात कोठून करावी, तर गेल्या सहा महिन्यांतील तक्रारींपैकी वारंवार येणाऱ्या तीन निवडा, प्रत्येकीचे सिद्ध झालेले कारण एका कागदावर लिहा आणि सध्याच्या कार्डांत त्या कारणाबद्दल विचारणारा प्रश्न शोधा. तो नसेल तेथे काम करणाऱ्यालाच बरोबर घेऊन नवा प्रश्न लिहा, आणि त्याच आठवड्यात पहिली तपासणी विभागप्रमुखांना करायला लावा. नवी कार्डे लागल्यावर पहिले काही दिवस बरेच लाल दिसेल. ते येणार आहे हे कारखान्याच्या प्रमुखांना आधीच सांगून ठेवा, आणि चिठ्ठ्या वेळेत बंद करण्यासाठी देखभाल व प्रशिक्षण विभागाची माणसे त्या दिवसांपुरती मोकळी ठेवून घ्या.