शर्यतीआधी सायकलचा रूट पाहताना

प्रश्न : कोल्हापूरला पहिल्यांदाच ट्रायथलॉन (पोहणं, सायकल, धावणं) करणार आहे. राजाराम तलावात पोहणं, मग महामार्गावर कागलच्या पुढे जाऊन परत, अशी 90 किलोमीटर सायकल. आधी एकदा रूटची रेकी कर, म्हणजे जाऊन पाहणी कर, असं सगळे सांगतात. पण तिथे जाऊन नक्की बघायचं काय? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : रेकीचा दिवस सरावाचा धरू नका. मान खाली घालून 90 किलोमीटर मारून आलात, तर शर्यतीच्या दिवशी प्रत्येक खड्डा नव्यानेच भेटेल. जिथे हाताला काम पडतं त्या जागा बघा: ब्रेक, गिअर, वळण, बाटली. मधला सरळ चांगला रस्ता कितीही लांब असो, तो लक्षात ठेवायची गरज नाही.

वेळ शर्यतीचीच घ्या. पोहून बाहेर यायला आठ वाजणार असतील तर रेकीही आठलाच सुरू करा. कागलकडे जाताना थंडीत सकाळचं ऊन जवळजवळ समोरून येतं आणि झाडाच्या सावलीतला खड्डा दिसतच नाही. सायकलवर बसायची रेघ जिथे असेल तिथे मीटर शून्यावर आणा आणि तिथूनच आकडे टिपा: इतक्या किलोमीटरवर गतिरोधक, इतक्यावर पुलाचा सांधा, इतक्यावर उसाच्या ट्रॅक्टरची वळणाची जागा. शर्यतीत यातले सहा-सातच आकडे चिठ्ठीवर घ्या आणि ती पुढच्या नळीवर पारदर्शक टेपने चिकटवा. वीस आकडे कुणी वाचत नाही.

सगळ्यात जास्त वेळ यू-टर्नला द्या. दुभाजकाच्या फटीत बारीक कच साठलेली असते आणि पुढचं चाक घसरतं ते तिथेच. रेकीला वाहतूक चालू असते, म्हणून सायकल कडेला लावून चालत जाऊन बघा. कच कुठे आहे, फट किती रुंद आहे, पलीकडे किती जागा मिळते? मग मागेपुढे गाडी नसलेल्या एखाद्या रिकाम्या रस्त्यावर तेवढ्याच जागेत वळायचा सराव करा. क्रम असा: सरळ असतानाच ब्रेक, सरळ असतानाच तीन-चार गिअर हलके, आतल्या बाजूचं पॅडल वर, नजर बाहेर पडायच्या जागेवर. गिअर उतरवायचं विसरलं की वळल्यावर पॅडल हलत नाही. मग जोर लावून गिअर टाकताना चेन पडते.

महामार्गाच्या साइडपट्टीवर फुटलेल्या ट्रकच्या टायरमधल्या केसासारख्या तारा पडलेल्या असतात. त्यांचं पंक्चर हळूहळू होतं आणि नवी ट्यूब घातली तरी पाच मिनिटांत परत होतं, कारण तार टायरमध्येच राहिलेली असते. म्हणून ट्यूब बदलताना टायरच्या आतून कापडाचा तुकडा फिरवा. जिथे तो अडकेल तिथे तार आहे. छोटा चिमटा किटमध्ये असू द्या, बोटांनी ती निघत नाही. साइडपट्टी जिथे फारच घाण दिसेल ते किलोमीटर टिपून ठेवा.

गळिताच्या हंगामात रस्त्यावर सांडलेला ऊस चिरडून चिकट चोथा होतो. दव पडलं की तो साबणासारखा लागतो. त्यावर ब्रेक नको, सरळ जाऊ द्या. सातारा–कागल टप्प्यावर सहापदरीकरणाचं काम चालू असेल तर वळवलेला रस्ता दोन आठवड्यांत बदलू शकतो. तेवढा भाग शर्यतीच्या आदल्या दिवशी दुचाकीवरून पुन्हा बघून या.

प्रश्न : आमच्या ड्युएथलॉनच्या (धावणं, सायकल, पुन्हा धावणं) रूटवर घाटाचा तुकडा आहे. माझ्या सायकलला पुढे 50 आणि 34 दातांच्या चकत्या आणि मागे 11 ते 28 दातांच्या आहेत. कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, बदलू का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : हे घाटातच ठरवा. सगळ्यात अवघड 300 मीटर शोधा. शर्यतीत जेवढा दम लावाल तेवढाच लावून, सगळ्यात हलक्या गिअरवर चढा आणि 15 सेकंदांत उजवा पाय किती वेळा खाली जातो ते मोजा. गुणिले चार. आकडा 70 च्या वर असेल तर काही बदलू नका. 60 च्या खाली असेल तर बदला, नाहीतर पुढच्या धावण्यात मांड्या साथ देणार नाहीत.

हिशेब असा. 25 मिमीच्या टायरचा एक फेरा साधारण 2.1 मीटर. पुढे 34, मागे 28 वर पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे 2.55 मीटर जाते, म्हणजे मिनिटाला 75 फेऱ्यांना ताशी साडेअकरा किलोमीटर. मागे 32 दातांची चकती घातली तर 2.23 मीटर, तेवढ्याच फेऱ्यांना ताशी 10. चढावर तुमचा वेग 10 च्या आसपास राहत असेल तर हा फरक मोठा आहे.

पण आधी मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, बघा. शिमानो कंपनीच्या 105 गिअरसेटच्या आर7000 मॉडेलमध्ये आखूड पिंजऱ्याचा एसएस डिरेलर 30 दातांपर्यंतच चालतो, लांब पिंजऱ्याचा जीएस 34 पर्यंत. चेनची लांबीही तपासा: सायकल स्टँडवर लावून पुढच्या आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीवर चेन हाताने टाकून बघा. डिरेलर पूर्ण ताणला गेला तर चेन आखूड आहे, आणि भर चढावर चुकून तो गिअर पडला तर डिरेलर मोडतो. झिजलेली चेन नवी कॅसेटही लवकर झिजवते, तेव्हा दोन्ही एकदमच बदला. हे सगळं शर्यतीच्या किमान दहा दिवस आधी करा, म्हणजे नवी केबल ताणून गिअर परत जुळवायला वेळ राहील.

प्रश्न : गोव्यात मिरामारला 90 किलोमीटर सायकलची शर्यत आहे. मी आदल्या दिवशी दुपारी पोचते. रूट बघायला वेळच नाही, मग काय करू? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : त्याच रस्त्याच्या फेऱ्या असतील तर एकच फेरी बघा, आणि तीही स्कूटरवरून. चारचाकीत खड्डे कळत नाहीत, चढ तर जाणवतच नाही. ताशी 30–35 ने चालवायला सांगा आणि मागे बसून फोनवर बोलून टिपा. एक मात्र लक्षात ठेवा: दुपारचा वारा समुद्राकडून असतो, सकाळी लवकर तो बहुधा जमिनीकडून. दुपारी ज्या बाजूला वारा पाठीशी वाटला, ती बाजू सकाळी तशी असेलच असं नाही. वारा फिरतो तो साधारण उशिरा सकाळी, म्हणजे तुमच्या शेवटच्या फेरीच्या सुमारास. पहिल्या फेरीचा वेग बघून शेवटचीचा अंदाज बांधू नका.

संध्याकाळी सायकल जुळवल्यावर फक्त 20 मिनिटं चालवा. सगळे गिअर टाकून बघा, दोन्ही बाटल्या भरलेल्या ठेवून एका गतिरोधकावरून जा. सीटमागची बाटली उडाली तर बाटलीच्या पिंजऱ्याचे बोल्ट कसा आणि तिला रबरबँड लावा. पहिल्याच फेरीत पाणी गेलं, तर त्या दमट हवेत पुढच्या पाण्याच्या टेबलापर्यंतचं अंतर फार जड जातं.

प्रश्न : टायरमध्ये हवा किती? (एक वाचक, सांगली)

उत्तर : 70 किलो वजनाला 25 मिमीच्या टायरमध्ये 80 ते 90 पीएसआय, 28 मिमीमध्ये 70 ते 75. रेकीला खरबरीत काँक्रीट लागलं आणि हात झिणझिणले, तर पाचाने कमी करून तोच तुकडा पुन्हा चालवून बघा. सायकल उन्हात उभी राहणार असेल तर रात्री गच्च भरू नका, सकाळी पंपाने मोजून भरा.