महाराजाच्या कर्जाचा हिशेब

प्रश्न : ‘महाराजा’ हे चिन्ह मिरवणारी एअर इंडिया टाटांकडे परत गेली तेव्हा आमच्या पारावर ‘सरकारी म्हटले की बुडायचेच’ असा निकाल लागून गेला. परंतु 2012 मध्ये किंगफिशर आणि 2019 मध्ये जेट एअरवेज या खासगी कंपन्याही बंद पडल्या. मग एअर इंडियाच्या बाबतीत सरकारचा नेमका दोष कोणता?
— एक निवृत्त शिक्षक, परभणी

उत्तर : पारावरचा निकाल घाईचा आहे, हे आपण बरोबर हेरले आहे. सिंगापूर एअरलाइन्स आणि एमिरेट्स यांची मुख्य मालकीही तिथल्या सरकारांकडेच आहे, आणि त्या उत्तम चालतात. आपली एअर इंडियासुद्धा 1953 च्या राष्ट्रीयीकरणानंतर लगेच खालावली नाही; तिचे संस्थापक जेआरडी टाटा 1978 पर्यंत तिचे अध्यक्ष होते आणि तोवर जगात तिचे नाव होते. आमच्या मते खरे दुखणे असे की, पुढे निर्णय घेणारा एक आणि त्याची किंमत मोजणारा दुसरा, अशी रीत पडत गेली.

आपल्या मराठवाड्यात ज्याने साखर कारखाना जवळून पाहिला आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. उसाचा अंदाज न घेता, स्वतःचे भांडवल न घालता, कर्ज काढून गाळपक्षमता वाढवायची, पुढच्या वर्षी दुष्काळ पडला की हप्ते थकवायचे, आणि तोवर निर्णय घेणारे संचालक मंडळ बदललेले असायचे. एअर इंडियात हेच आकाशाच्या मापाने घडले. आधी 28 विमाने घेण्याचा विचार होता, तो आकडा 68 वर गेला. इंडियन एअरलाइन्सची 43 धरून एकूण 111 विमानांची मागणी 2005-06 च्या सुमारास नोंदवली गेली. कंपनीचे भागभांडवल तुटपुंजे असताना ही खरेदी बहुतांशी कर्जावर झाली आणि सरकारी खर्च तपासणाऱ्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी (कॅग) 2011 च्या अहवालात तिच्यावर कठोर ताशेरे ओढले. त्याच अहवालात आखाती देशांच्या कंपन्यांना भारतातून प्रवासी नेण्याचे हक्क सढळ हाताने वाढवून दिल्याबद्दलही टीका होती, कारण दुबईत विमान बदलून युरोप-अमेरिकेला जाणारा प्रवासी हा एअर इंडियाच्या लांब पल्ल्याच्या उड्डाणांचा हक्काचा ग्राहक होता. म्हणजे एकीकडे लांब पल्ल्याची महाग विमाने घ्यायची आणि दुसरीकडे त्यांत बसणारा माणूस शेजाऱ्याच्या दारी पाठवायचा.

त्यात 2007 चे विलीनीकरण आले. एअर इंडिया परदेशात उडणारी, तर इंडियन एअरलाइन्स मुख्यतः देशांतर्गत; विमाने, वेतनश्रेणी, बढतीचे नियम आणि वैमानिकांच्या संघटना सगळेच वेगळे. कागदावर कंपनी एक झाली, माणसे मात्र दोन गोठ्यांतच राहिली. 2011 मध्ये पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी वेतनसमानतेसाठी संप केला. 2012 मध्ये नव्या ड्रीमलायनर विमानांचे प्रशिक्षण दुसऱ्या गटालाही मिळणार म्हणून पूर्वीच्या एअर इंडियाचे वैमानिक 58 दिवस संपावर गेले. हे भांडण वैमानिकांच्या हट्टाचे होते असे म्हणून सोडून देणे सोपे आहे, पण सेवाज्येष्ठतेचा प्रश्न न सोडवता दोन कंपन्यांचे लग्न लावणाऱ्यांची जबाबदारी त्याहून मोठी आहे.

खासगी कंपन्यांशी फरक येथेच दिसतो. किंगफिशर आणि जेट यांना एका टप्प्यावर पैसा मिळेनासा झाला आणि त्या थांबल्या. एअर इंडियाला थांबताच येत नव्हते. 2012 मध्ये सरकारने सुमारे 30,000 कोटी रुपयांचे भांडवल टप्प्याटप्प्याने देण्याची योजना मंजूर केली, पण जुन्या कर्जाचे व्याज वाढतच राहिले. (गंमत अशी की, अतिमहत्त्वाच्या व्यक्तींच्या विमानप्रवासाची अकराशे कोटींहून अधिक बिले 2018 मध्ये खुद्द सरकारकडेच थकलेली होती.) 2018 मध्येच कंपनीचा 76 टक्के हिस्सा विक्रीला काढला तेव्हा एकही बोली आली नाही, कारण सरकार 24 टक्के हिस्सा घेऊन घरातच बसणार होते आणि कर्जाचा मोठा भारही खरेदीदाराच्या माथी येणार होता. अखेर ऑक्टोबर 2021 मध्ये टाटांची 18,000 कोटींची बोली स्वीकारली गेली. त्यात रोख 2,700 कोटी आणि उरलेले 15,300 कोटी म्हणजे पत्करलेले कर्ज. त्या वेळचे एकूण कर्ज 61,562 कोटी होते, म्हणजे बाकीचे 46,262 कोटी सरकारच्याच दुसऱ्या एका कंपनीकडे, पर्यायाने आपल्याकडे, राहिले.

प्रश्न : सरकारी विमान कंपनी नसेल तर नफा नसलेल्या आमच्या गावाकडे विमान कोण आणणार?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : नांदेड-अमृतसर विमान डिसेंबर 2017 मध्ये एअर इंडियानेच सुरू केले आणि गुरुद्वाऱ्याला येणाऱ्या भाविकांची त्यामुळे सोय झाली, हे मान्यच आहे. परंतु अशा सेवेचा तोटा कंपनीच्या एकूण तोट्यात मिसळला की, तो लोकसेवेचा किती आणि गैरव्यवस्थेचा किती, हे कोणालाच सांगता येत नाही. आपल्याच शहरात याचा दुसरा मार्गही पाहायला मिळाला. 27 एप्रिल 2017 रोजी, लहान शहरांना विमानसेवेने जोडण्याच्या केंद्राच्या उडान योजनेतील पहिल्या उड्डाणांत नांदेड-हैदराबादचा समावेश होता. कंपनी खासगी होती आणि तोट्याची भरपाई ठरलेल्या मुदतीपुरती, वेगळ्या खात्यातून मिळणार होती. अनुदानाची मुदत संपल्यावर विमान टिकेल याची हमी त्यातही नसते, मात्र खर्च किती झाला हे विधिमंडळात किंवा संसदेत विचारण्याची सोय राहते.