पान ओळखीचं वाटतं, पण आठवत नाही

प्रश्न : मॅडम, नमस्कार. मी जीवशास्त्र घेऊन कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रोज पाच-सहा तास अभ्यास करते. प्रत्येक धडा तीन वेळा वाचते, महत्त्वाच्या ओळींवर हायलायटर मारते. वाचताना सगळं समजतं. परीक्षेत मात्र प्रश्न पाहिला की ते पान डोळ्यांसमोर येतं, पिवळा पट्टासुद्धा दिसतो, पण त्याखाली काय लिहिलं होतं ते काही केल्या आठवत नाही. माझी स्मरणशक्तीच कमी आहे का?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : नाही गं. पानावर पिवळा पट्टा कुठे होता हे जिला आठवतं, तिच्या स्मरणशक्तीत काय खोट काढायची? तुझे पाच-सहा तास धड्याशी ओळख वाढवण्यात जातात. रोज रस्त्यात दिसणाऱ्या माणसाला आपण लांबूनही ओळखतो, पण घरी बसून त्याचं नाक-डोळे कागदावर काढ म्हटलं तर हात थांबतो. तिसऱ्या वाचनात ‘हे मला येतं’ असं जे वाटतं, ती ही अशी ओळख असते. परीक्षेत मात्र समोर चेहरा नसतो, नुसता कागद असतो.

मी २६ वर्षं प्राणिशास्त्र शिकवते आहे. नेफ्रॉन, म्हणजे मूत्रपिंडातली रक्त गाळणारी सूक्ष्म नळी, शिकवून झाला की दुसऱ्या दिवशी तास सुरू होताच मी वह्या-पुस्तकं मिटायला लावते. कोरा कागद, दहा मिनिटं. आकृती काढा, नावं द्या, द्रव कुठून कुठे जातो ते बाणांनी दाखवा. पहिल्या दोन मिनिटांत बहुतेकांची बोमनची संपुटिका (नळीच्या सुरुवातीची वाटी) आणि हेन्लेचा पाश (नळीचं खाली उतरून वर चढणारं वळण) काढून होतो. मग पेनं थांबतात. पाणी पाशाच्या उतरत्या भागातून बाहेर जातं की चढत्या? ती ओळ रंगवून आलेली मुलंही इथे हमखास अडतात. एकदा एका मुलीनं त्या जागी मोठं प्रश्नचिन्ह काढलं आणि कागद माझ्याकडे दिला. ‘आता पुस्तक उघड आणि तेवढंच वाच,’ म्हटलं. तिनं वाचलं : उतरत्या भागातून पाणी बाहेर जातं; चढता भाग पाणी जाऊ देत नाही, तिथून क्षार बाहेर पडतात. ‘अच्छा, म्हणून आजूबाजूला क्षार साठतात आणि ते पाणी ओढतात!’ असं ती आपणहून म्हणाली. दीड महिन्यानं चाचणीत हाच प्रश्न आला, तिनं न अडखळता लिहिला. आधी अडली होती, म्हणूनच ती ओळ तिच्या डोक्यात बसली असं मला मनापासून वाटतं.

अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग मी दरवर्षी वर्गात सांगते. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले होते, त्यातला एक सी ऑटर या प्राण्यावरचा. एका गटानं चारही सत्रांत उतारा वाचला, म्हणजे सरासरी चौदा वेळा. दुसऱ्या गटानं एकाच सत्रात तीन-चार वेळा वाचला आणि पुढच्या तीन सत्रांत न बघता आठवेल तेवढं लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ६१. आणि आपल्याला जास्त लक्षात राहील अशी खात्री कुणाला होती, तर चौदा वेळा वाचणाऱ्यांना! तू फसलीस त्यात तुझा दोष नाही. पुनःपुन्हा वाचल्यावर असंच वाटतं.

तर आता असं कर. धडा एकदाच वाच, पण सावकाश, समजून. पुस्तक मिटून आठवेल ते लिही. क्रम चुकला, शब्द सुचले नाहीत तरी लिहीत राहा. अडशील तिथे लगेच पान उघडू नकोस, मिनिटभर डोकं खाजव. मग पुस्तक उघडून सुटलेलं लाल पेनानं भर. दोन दिवसांनी पुन्हा नवा कोरा कागद घे, मग आठवड्यानं, मग तीन आठवड्यांनी. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं निरर्थक अक्षरं स्वतः पाठ करून विसरण्याचा वेग मोजला आणि १८८५ मध्ये तो प्रसिद्ध केला. सर्वांत जास्त विसरणं पहिल्या काही तासांत आणि पहिल्या दिवसात होतं, म्हणून पहिली उजळणी फार लांबवू नकोस. एका दिवशी सलग चार तास बसण्यापेक्षा तेच चार तास चार दिवसांत विभागलेले बरे.

पहिले दोन आठवडे जड जातील. कागद अर्धा रिकामा राहील, आणि ‘आपण मागे पडतोय’ असं वाटून तू पुन्हा हायलायटर हातात घेशील. तेव्हा तो कागद टाकून देऊ नकोस. तारीख घालून ठेव आणि तिसऱ्या आठवड्यातल्या कागदाशेजारी ठेवून बघ. आणि मला नक्की कळव, मी वाट बघेन.

प्रश्न : परीक्षेच्या आदल्या रात्री जागून अभ्यास केला तर चालतो का?
– एक विद्यार्थी

उत्तर : नको रे. दिवसभर शिकलेलं झोपेत पक्कं होतं, आणि रात्रभर जागलेल्या डोक्याला सकाळी साधा प्रश्नही नीट वाचता येत नाही. एखादा धडा राहिलाच असेल तर त्यातल्या मुख्य आकृत्या न बघता एकदा काढ, चुका दुरुस्त कर आणि झोप.