कुळकायदा कलम 43: जमीन आपली, मग परवानगी कशासाठी?

आजोबांना कुळकायद्याने मिळालेल्या भातखाचराच्या सातबाऱ्यावर ‘कलम 43 च्या बंधनास पात्र’ असा शेरा आहे, तेव्हा जमीन आपली असूनही विकताना परवानगी का, असे आपण विचारले आहे.

कोकणातल्या कुळाला, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याला, हा अनुभव जुना आहे. 1880 च्या खोती कायद्याने (खोत म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणारा वतनदार) त्या काळच्या रत्नागिरी जिल्ह्यातील जुन्या वहिवाटदार कुळांचा हक्क वारसांकडे जाईल हे मान्य केले, पण तो दुसऱ्याला द्यायचा तर सर्वसाधारणपणे खोताची संमती लागे. पुढे अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली 1933 पासून सुमारे सहा वर्षे संप केला, 1937 मध्ये डॉ. आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले, आणि खोती गेली ती 1949 च्या कायद्याने.

1948 च्या कुळकायद्यानुसार 1 एप्रिल 1957 रोजी, म्हणजे कृषक दिनी, कसणारे कूळ मालक मानले गेले. जमिनीची किंमत कलम 32ग खाली ठरे आणि ती भरल्यावर कलम 32म चा, म्हणजे खरेदीचा, दाखला मिळे. आमच्या आजोबांचा दाखला आजही ट्रंकेत आहे. घड्यांवर विरलेला, आणि हप्त्यांची चलने त्याच्याच पोटात ठेवलेली. त्या पिढीने ती चलने दागिन्यांसारखी जपली, कारण हप्ते थकले तर खरेदीच निष्प्रभ ठरण्याची भीती होती.

अशी जमीन अडीअडचणीत पुन्हा सावकाराकडे जाऊ नये म्हणून कलम 43 ने विक्री, बक्षीस, गहाण, पट्टा या सर्वांना जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आवश्यक केली. सुरुवातीच्या काळात हे बंधन नसते, तर पुष्कळ खाचरे हातची गेली असती, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र तिसऱ्या पिढीलाही तीच अट लावणे म्हणजे खोताच्या जागी कचेरी बसवणे होते, आणि ते मला कधीच पटले नाही.

2014 च्या दुरुस्तीने ही अट सैल झाली. खरेदीला दहा वर्षे झाली असल्यास आकाराच्या (जमिनीच्या साऱ्याच्या) चाळीस पट नजराणा सरकारात भरून परवानगीशिवाय विक्री करता येते. आकार 3 रुपये असेल तर नजराणा 120 रुपये. घेणारा शेतकरी असावा, त्याची एकूण जमीन कमाल धारणेच्या, म्हणजे कायद्याने ठरवलेल्या मर्यादेच्या, आत राहावी आणि तुकडेबंदीचा (जमिनीचे फार लहान तुकडे पाडण्यावरील बंदीचा) भंग होऊ नये, या अटी मात्र कायम आहेत. तेव्हा आधी 32म चा दाखला आणि त्याचा फेरफार (तलाठ्याकडील हक्कबदलाची नोंद) शोधून खरेदीची तारीख पाहा, नजराणा भरून चलन जपून ठेवा, आणि मगच खरेदीदाराकडून इसारा, म्हणजे आगाऊ रक्कम, घ्या.