‘काहीतरी चांगलं सुचवा ना!’

मागच्या अंकात सहज लिहिलं होतं की ऑनलाइन पुस्तकं सुचवणारे जे मित्रमैत्रिणी असतात त्यांच्याबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा. मला वाटलं काय वाचू, कुठून सुरुवात करू असलंच येईल. तेही आलं, पण निम्म्याहून जास्त प्रश्न पुस्तकांचे नव्हतेच, माणसांचे होते. त्यातले सहा घेतलेत, बाकीच्यांनी रागावू नका, आणि प्रश्न म्हणून ज्यांनी अकरा मिनिटांची व्हॉइस नोट पाठवलीय त्यांनी प्लीज टाइप करा.

प्रश्न: पुस्तकवेड्यांच्या एका ग्रुपमध्ये आहे. "चांगलं पुस्तक सुचवा" असं टाकलं की अर्ध्या तासात तीसचाळीस नावं येतात, सगळी तीच तीच गाजलेली. निम्मी वाचून झालेली असतात, उरलेल्यांत मन लागत नाही. मग थँक्यू म्हणून गप्प बसतो. माझं काही चुकतंय का?
– यादीत अडकलेला

उत्तर: हो, चुकतंय, पण बहुतेक सगळ्यांचं हेच चुकतं त्यामुळे मनाला लावून घेऊ नका. "चांगलं सुचवा" म्हटलं की समोरचा माणूस तुमचा विचारच करत नाही, तो स्वतःचं आवडतं नाव टाकून मोकळा होतो. त्याला तुम्ही कोण, काय वाचता, कशाने वैतागता हे माहीतच नाही तर तो तरी काय करणार!

अमेरिकेत सिॲटलमध्ये नॅन्सी पर्ल नावाच्या एक प्रसिद्ध ग्रंथपाल आहेत. त्या म्हणतात की पुस्तकात शिरायची चार दारं असतात: गोष्ट, माणसं, जागा आणि भाषा. कुणाला पुढे काय झालं हे कळल्याशिवाय झोप येत नाही, कुणाला एखादं पात्र घरातल्या माणसासारखं ओळखीचं व्हावं लागतं, कुणाला कधी न पाहिलेल्या ठिकाणी जाऊन राहायचं असतं आणि काही लोक (मी त्यातलाच) नुसत्या वाक्यांसाठी वाचतात, गोष्ट पुढे सरकली नाही तरी चालतं. दोन माणसांना एकच पुस्तक आवडू शकतं आणि तरी दोघं वेगळ्या दारातून आत आलेले असतात, म्हणून तर "तुला ते आवडलं ना, मग हे आवडेलच" हे इतक्या वेळा फसतं.

तर आता विचारताना असं विचारा. आवडलेली दोन पुस्तकं सांगा आणि काय आवडलं तेही सांगा, नुसतं "मस्त होतं" नको. मग सगळ्यात महत्त्वाचं, अर्धवट सोडलेलं एक पुस्तक सांगा आणि कुठे सोडलं, का सोडलं ते सांगा. आवडलेल्या पुस्तकांच्या याद्या सगळ्यांच्या सारख्याच दिसतात हो, माणूस कळतो तो सोडलेल्या पुस्तकांवरून. "वर्णनं फार होती, शंभर पानं झाली तरी कुणी कुणाशी बोलेना" एवढं लिहिलंत तरी चाळीस नावांची चार होतील.

आणि सध्या डोक्यात काय चाललंय तेही जमलं तर सांगा. हे मी स्वतः तोंडावर पडून शिकलोय. एका ऑनलाइन मैत्रिणीने हलकंफुलकं काहीतरी मागितलं होतं, मी एक कादंबरी सुचवली, म्हटलं हसून हसून लोळशील. तिची आई तेव्हा हॉस्पिटलमध्ये होती. कादंबरीत पुढे जाऊन नायकाची आई आजारी पडते आणि जाते, हे मी साफ विसरलो होतो, माझ्या लक्षात फक्त विनोद राहिले होते. आठ दिवस तिचा मेसेज नाही. मग आला, "तू हे नक्की वाचलं होतंस ना?" काय उत्तर देणार. तेव्हापासून नाव सांगायच्या आधी मी दोन प्रश्न विचारतो, लोकांना ते चौकशी केल्यासारखं वाटतं, वाटू दे.

प्रश्न: माझी ऑनलाइन झालेली खूप जवळची मैत्रीण आहे, तिने तिचं जीव की प्राण असलेलं पुस्तक मला वाचायला सांगितलं. मी तीनदा सुरू केलं. अजिबात आवडलं नाही. ती रोज विचारते, "कुठपर्यंत आलीस?" मी दोनदा खोटं बोलले, आता शेवटाबद्दल विचारायला लागलीय. काय करू?
– पान ६२ वर अडकलेली

उत्तर: आधी खोटं बोलणं थांबवा, कारण पुढची पायरी म्हणजे तुम्ही नेटवर शेवट शोधून वाचणार आणि मग तिच्याशी त्यावर भावुक होऊन बोलणार. मी हे करणारी माणसं पाहिलीयत. (बरं, एकदा मीही केलंय.)

पुस्तक सोडणं हा गुन्हा नाही. वर ज्यांचं नाव घेतलं त्या पर्लबाईंचाच एक नियम आहे: पन्नास पानं द्या, नाही जमलं तर खुशाल ठेवून द्या. आणि वय पन्नासच्या पुढे असेल तर शंभरातून वय वजा करायचं, येईल तेवढीच पानं द्यायची. म्हणजे ६८ वर्षांच्या माणसाने ३२ पानं वाचली की तो मोकळा. शंभरी गाठली तर नुसतं कव्हर बघून ठरवा म्हणतात! तुम्ही ६२ पानं दिलीत, तीही तीनदा, हिशोब कधीच चुकता झालाय.

आता तिला सांगायचं कसं. "बोअर आहे" असं सांगू नका, ते खरंही नाही, तुम्हाला बोअर झालं एवढंच खरं. तिला विचारा की तुला हे कधी आणि कसं मिळालं, तेव्हा काय चाललं होतं तुझ्या आयुष्यात. जीव की प्राण असलेल्या पुस्तकामागे बहुतेक वेळा एखादं वर्ष असतं, एखादं माणूस असतं, आणि ते ती सांगायला लागली की पुस्तकाचा विषय आपोआप बाजूला पडतो. मग सांगा की मला नाही जमलं गं, मी अमुक ठिकाणी अडकले. ती थोडी हिरमुसेल. पण तुमच्या पुढच्या "हे भारी आहे" वर तिचा विश्वास बसेल, जो आज बसायचं काही कारण नाही कारण तुम्हाला सगळंच आवडतंय. जिला सगळं आवडतं तिची शिफारस कोण मनावर घेणार?

एक मात्र खरं, कधीकधी पुस्तक चांगलं असतं आणि वेळ चुकीची असते. फेकू नका, ठेवा कपाटात.

प्रश्न: माणसांना विचारण्यापेक्षा ॲपच बरं पुस्तकं सुचवतं असं माझं मत आहे. तिथे रेटिंग असतं, भीडभाड नसते. तुम्ही उगाच माणसांचं कौतुक करताय.
– आकडेवाला

उत्तर: भीडभाड नसते हे कबूल. पण ॲपने पुस्तक वाचलेलं नसतं हो! ते बहुतेक वेळा एवढंच बघतं की तुम्हाला आवडलेली पुस्तकं अजून कुणाकुणाला आवडली आणि त्या लोकांनी दुसरं काय काय वाचलं. युक्ती भारी आहे, कामही करते, पण त्यात गाजलेलं पुस्तक सगळ्यांच्याच यादीत असल्यामुळे तेच सगळ्यांना दिसत राहतं आणि अजून गाजतं, आणि कमी लोकांनी वाचलेलं पुस्तक खाली दबून जातं कारण त्याच्याबद्दल हिशोब करायला माहितीच नसते. शिवाय दुकानाला विकायचं असतं हे विसरू नका. गुडरीड्स, म्हणजे पुस्तकांना तारे देण्याची ती साइट, २००७ मध्ये सुरू झाली तेव्हा वाचणाऱ्यांचा अड्डा होता, २०१३ मध्ये ती ॲमेझॉनने विकत घेतली.

आणि रेटिंगचं म्हणाल तर मी तीन तारे दिलेली पुस्तकं मित्रांना जास्त सुचवतो, पाचवाली नाही. का ते मलाही नीट सांगता येणार नाही. पाच तारेवाल्यांबद्दल बोलताना आपण फार गळेपडू होतो बहुतेक.

प्रश्न: एका व्यक्तीशी चार वर्षं जवळजवळ रोज पुस्तकांवर बोलणं होतं. आम्ही कधी भेटलो नाही, भेटायचं ठरलंही नाही. माझं वाचन त्यांच्यामुळे पूर्ण बदललं. घरचे हसतात, म्हणतात फोनमधली मैत्री कसली मैत्री. कधीकधी मलाच शंका येते.
– न भेटलेली

उत्तर: शंका घेऊ नका, तुमच्या आधी हे खूप लोकांनी केलंय आणि तेही फोन नसताना.

हेलीन हॅन्फ नावाची न्यूयॉर्कमधली लेखिका, हाताशी पैसे कमी आणि जुनी इंग्रजी पुस्तकं वाचायची प्रचंड हौस. १९४९ मध्ये तिने लंडनच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानाला यादी पाठवली. उत्तर आलं अगदी औपचारिक, दुकानातल्या फ्रँक डोएल नावाच्या माणसाकडून. तिथून जो पत्रव्यवहार सुरू झाला तो वीसेक वर्षं चालला. ती त्याच्यावर खेकसायची, एका जुन्या इंग्रज लेखकाची पूर्ण रोजनिशी मागितली आणि निवडक उतारे पाठवले म्हणून तिने त्याला धारेवर धरलं होतं, आणि तो शांतपणे माफी मागून योग्य प्रत शोधत बसायचा. युद्धानंतर इंग्लंडमध्ये रेशनिंग होतं तर ही तिकडून दुकानातल्या सगळ्यांसाठी खाण्याची पार्सलं पाठवायची. दरवर्षी लंडनला जायचं ठरायचं, कधी दात, कधी घर, कधी पैसे, राहून जायचं. डिसेंबर १९६८ मध्ये फ्रँक वारले. ती पत्रं १९७० मध्ये पुस्तकरूपात आली, आणि हेलीन लंडनला पोचली १९७१ मध्ये, तोवर दुकानही बंद झालं होतं.

घरच्यांना ही गोष्ट सांगा आणि विचारा ही मैत्री होती की नव्हती. बघा ना, ती दोघं पुस्तकांबद्दलच लिहीत होती पण वीस वर्षांत त्यातून घर, पगार, आजारपण, शेजारी सगळं कळत गेलं. तुमचंही तसंच झालं असणार, पैज लावतो.

फक्त दोन गोष्टी, मोठ्या माणसासारखं सांगतो म्हणून कंटाळू नका. एक, पुस्तकांवरून बोलणं अचानक पैशांच्या अडचणीवर आलं, किंवा घरी सांगू नकोस असं समोरून यायला लागलं, तर तिथेच थांबा, चार वर्षं असोत की दहा. दोन, भेटायची इच्छा असेल तर ठरवा, पहिली भेट दिवसा, चार लोकांत, घरी सांगून. आणि भेटल्यावर पहिला अर्धा तास काहीच सुचणार नाही, दोघांचेही हात टाइप करायला फोन शोधत असतात. पुस्तक सोबत न्या एखादं.

प्रश्न: ग्रुपवर कुणी नवीन पुस्तकाचं नाव काढलं की लगेच "पीडीएफ आहे का?" येतं आणि कुणीतरी टाकतंही. मी बोललो तर मला शहाणा म्हणतात.
– एकटा पडलेला

उत्तर: बोलत राहा. हयात लेखकाचं, नुकतं आलेलं पुस्तक असं फुकटात वाटून टाकणं ही चोरीच आहे, आणि चोरी करणारे हे त्याचे वाचक असतात हे जास्त लागतं. फुकटच वाचायचं असेल तर हक्क संपलेली हजारो पुस्तकं राजरोस मिळतात, प्रोजेक्ट गुटेनबर्ग तर १९७१ पासून हेच करतंय, त्याची लिंक टाका ग्रुपवर. नाहीतर लायब्ररी. नाहीतर मित्राकडून उसनं, आणि ते परत करायचं असतं, ही आठवण कुणाला करून देतोय हे त्याला कळलं असेल.

प्रश्न: मला पुस्तकं सुचवणारी एक ऑनलाइन मैत्रीण चार महिने गायब आहे. आधी रोज बोलायची. शेवटच्या मेसेजला उत्तर नाही. मी काही चुकीचं बोलले का? परत मेसेज करू की नको?
– वाट बघणारी

उत्तर: करा. पण "रागावलीस का", "काय झालं", "विसरलीस ना मला" यातलं काही नको, या प्रश्नांना उत्तर द्यावं लागतं आणि जो माणूस आधीच दमलाय त्याला ते ओझं होतं. वाचणाऱ्या लोकांचं वाचन अधूनमधून पूर्ण बंद पडतं, नोकरी, आजारपण, घरात कुणीतरी जाणं, किंवा काहीच कारण नसताना, आणि वाचन बंद पडलं की पुस्तकवाल्या मित्रांसमोर यायचीही लाज वाटते, आता यांना काय सांगू म्हणून. मला एकदा सात महिने झालं होतं असं. एका मित्राचा मेसेज आला होता, त्यात त्याने फक्त एका पुस्तकातल्या म्हाताऱ्याबद्दल लिहिलं होतं, माझी चौकशी शून्य. मी उत्तर द्यायला तीन आठवडे लावले, पण दिलं.

तिने सुचवलेलं, तुम्ही अजून न वाचलेलं एखादं पुस्तक असेलच. ते काढा, वाचायला घ्या आणि लिहा की कुठल्या पानावर आहात आणि तिथे काय चाललंय. दोन ओळी पुरे. मग फोन ठेवा आणि पुढचं पान वाचा, निळ्या टिक्स बघत बसू नका.